भिंतीशी उभे वॉकर

जेवणं झाली की वृद्धाश्रमातल्या सिस्टर सगळ्यांचे वॉकर उचलून समोरच्या भिंतीशी ठेवतात. कुणी मध्येच उठून पडायला नको, म्हणून. मग चहापर्यंत माणसं खुर्च्यांत आणि वॉकर भिंतीशी, एकमेकांकडे बघत. मध्ये फार तर आठ पावलांचं अंतर.

माझी आत्या चार वर्षं इथे आहे. परवा तिच्याशेजारी बसलो होतो, तर तिची एक चप्पल पायातून निसटली. दिवाळीत मीच आणलेली. उचलून परत घालताना पाहिलं, तळाची नक्षी अजून दुकानातल्यासारखी कोरी होती.

सिस्टरांचं चुकतं असं कसं म्हणू? या वयात मोडलेलं हाड लवकर जुळत नाही. पण माणूस पडू नये म्हणून आपण त्याला उठूच देत नाही, आणि वर त्यालाच सांगतो, आता निवांत बसा. या काळजीशी भांडायचं तरी कसं?

"पाणी प्यावंसं वाटतंय," आत्या म्हणाली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊ लागली. माठ कोपऱ्यात होता.

"तू बस गं, मी आणतो." मी लगबगीने पेला भरून आणला. तिने तो घेतला आणि तसाच मांडीवर धरून ठेवला.

"पी ना."

"तहान कुठे लागली होती," ती माठाकडे बघत म्हणाली. "तुझा हात धरून गेले असते, तर आज कुणी अडवलं नसतं रे."