अर्ध्या मिशीचा शब्द

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, न्हावी. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. वॉर्डाचा मेंबर तर त्यांच्याखेरीज कोणाचा वस्तरा गालाला लावून घेत नसे. त्याच्या मिशा अशा झुपकेदार की पोस्टरवर चेहऱ्याआधी त्याच दिसायच्या.

शहर वाढत गेलं, तसा आमच्या गल्लीवर टॉवरवाल्यांचा डोळा गेला. दाजींनी घाबरत विचारलं, तेव्हा मेंबर खुर्चीत रेलूनच सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या दुकानाची वीट जरी हलली, तर अर्धी मिशी उतरवून देईन."

वीट कसली, बुलडोझरने दुकान आणि मागची राहती खोली दोन्ही भुईसपाट केली. मेंबर त्या दिवशी नेमका बाहेरगावी. आम्हाला शहराच्या पार टोकाला, नळ असून पाणी नसलेल्या इमारतीत नेऊन टाकलं. ताईची धुण्याभांड्याची कामं सुटली, कारण जाण्यायेण्यातच पगार संपायचा. दाजी बसथांब्यामागे आरसा टांगून बसत. तिथे सगळेच आमच्यासारखे कफल्लक, दाढी वाढली तरी चालवून घेणारे. शहर मोठं झालं आणि आम्ही होतो त्याहून गरीब झालो. माझं रक्त उकळायचं. दाजी मात्र रोज आरसा पुसून गिऱ्हाइकाची वाट बघत.

मग त्याच जागेवरच्या टॉवरच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला आणि मेंबरने दाजींसाठी गाडी पाठवली. दुसऱ्याच्या वस्तऱ्याने त्याच्या गालावर पुरळ उठायचं ना! साबण लावता लावता दाजींनी विचारलं, खाली एखादा गाळा मिळेल का. असली दुकानं तिथे शोभणार नाहीत, असं त्याने डोळे मिटूनच सांगितलं आणि तो घोरायला लागला.

दाजींनी दाढी नेहमीसारखी गुळगुळीत केली. मग डाव्या बाजूची मिशी उतरवली, पेटी आवरली आणि बस धरून घरी आले.

उरलेली उतरवावी, तर पोस्टरवरचा माणूस ओळखू यायचा नाही. म्हणून मेंबर तोंडाला रुमाल लावून गेला. दाढ दुखतेय म्हणे. पण फीत कापायला दोन हात लागतात. रुमाल खाली आला आणि सगळा मांडव खदाखदा हसला. ऐकून माझ्या काळजाला इतका गारवा मिळाला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी बसथांब्यामागचा आरसा फोडला. दाजींनी त्यातला एक मोठा तुकडा उचलून पुन्हा टांगला.

"दाजी, दुसरी बाजू कशाला सोडलीत?" मी चिडूनच विचारलं.

ते पट्ट्यावर वस्तरा परजत होते. "त्याचा शब्द अर्धीचाच होता," ते म्हणाले. "मी जास्तीचं घेत नाही."