लेबल काढलेल्या बाटल्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बाटल्यांची लेबलं काढणं. बालदीत कोमट पाणी, त्यात पाच बाटल्या. ही स्टुलावर बसून नखानं कागद खरवडत होती, मी तारेच्या घासणीनं राहिलेला डिंक काढत होतो. बाटल्या जाड काचेच्या, झाकणं घट्ट. असली वस्तू हिनं जन्मात कधी फेकली नाही. आमचं जिरं, मोहरी, ओवा, सगळं औषधांच्या बाटल्यांतच राहायचं.

आतल्या कॅप्सूल मी आधीच संडासात ओतून वर पाणी टाकलं होतं.

त्याच सकाळी मार्केटातल्या त्या दुकानावर सरकारी माणसं आली होती. त्यांनी खोकी टेम्पोत भरली, शटरला सील लावलं, नोटीस चिकटवली. मी गर्दीत उभा होतो. एक जण म्हणाला, "अंकल, इसमें स्टेरॉयड निकला है. ऊपर जडी-बूटी लिखते हैं, अंदर जहर." ही तीन वर्षं तेच खात होती, गुडघ्यांसाठी.

दुकान मीच शोधलेलं. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. ही बसत बसत जिने चढायची. पहिल्या बाटलीनंतर आठ दिवसांत भाजीची पिशवी घेऊन एका दमात वर आली. मी दुकानदाराच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, सरकारी कचेरीत शिपाई होतो. जन्मभर फायली उचलल्या, वाचल्या नाहीत. पण छापलेल्या अक्षरावर माझा भारी विश्वास. लेबलावर होतं, शुद्ध वनस्पती, कुठलाही अपाय नाही. छापलंय म्हणजे कुणीतरी तपासलं असणार, असं मला वाटायचं.

"उद्या गुडघे धरले म्हणजे?" ही बाटली पुसत म्हणाली.

"धरू देत. विष खायचं का?"

"तीन वर्षं तुम्हीच आणून दिलंत की. तेव्हा गोड होतं वाटतं?"

असं बोलून स्वतःच हसली. मीही हसलो.

तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी उठून बसवेना. हातपाय गार, बोलणं तुटक. ॲम्ब्युलन्समधून नेली. डॉक्टरीण तरुण पोरगी होती. कुठलं औषध चालू होतं, विचारलं. मी म्हटलं, काही नाही, जडीबुटी होती, तीही बंद केली.

"एकदम बंद कर दी?" तिनं विचारलं.

"हाँ जी, एक झटके में," मी छाती काढून सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. मग समजावून सांगितलं. इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. ते हळूहळू कमी करायचं असतं, डॉक्टरच्या देखरेखीखाली. एकदम तोडलं तर माणूस कोसळतो. दोन दिवसांनी ही गेली.

सरकारनं सील लावलं, चांगलं केलं. पण टेम्पो भरणाऱ्यांपैकी एकानंही सांगितलं नाही की जे खातायत त्यांनी आता काय करायचं. नोटीस मी नंतर जाऊन, बोट ठेवून, अक्षर अक्षर वाचली. तिच्यात माल होता, दुकान होतं, कायद्याचं कलम होतं. खाणारा माणूस कुठं नव्हता.

तेरावं झाल्यावर बाटल्या पिशवीत घातल्या आणि औषध खात्याच्या ऑफिसात गेलो. मला एकच हवं होतं. त्या केसमध्ये हिचं मरण लिहिलं जावं.

इन्स्पेक्टर वाईट माणूस नव्हता. बसायला खुर्ची दिली. म्हणाला, "बाबाजी, केस लेबल की है. जो लिखा है वो अंदर नहीं, जो अंदर है वो लिखा नहीं."

"और मेरी घरवाली?"

"वो इसमें नहीं आती."

"तो किसमें आती है?"

त्यानं पिशवी पुढं ओढली. बाटल्या उजेडात धरून बघायला लागला. लखलखत होत्या. "इतनी साफ किसने की?"

"हम दोनों ने."

शेवटी म्हणाला, त्याच दुकानातली, लेबलवाली, सीलबंद बाटली मिळाली तर आणा, तुमच्या अर्जाला जोडतो. पुढचं सांगता येत नाही. लेबलावर कंपनीचा जो पत्ता आहे तिथं रिकामा प्लॉट निघालाय.

तशी बाटली कुणाकडे आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या समोरच्या घरात एक विधवा बाई एकट्या राहतात. त्यांच्या पाठदुखीसाठी मीच हिच्याबरोबर त्यांचंही आणायचो. छाप्याच्या दिवशी त्यांनाही बजावलं होतं, फेकून द्या. त्या म्हणाल्या होत्या, "भाईसाहब, पुलिसवाले मेरी पीठ सीधी करने आएँगे क्या?" आणि खातच राहिल्या. माझं ऐकलं नाही म्हणून जिवंत राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन हिच्या केससाठी बाटली मागितली. त्यांनी कपाटातून शेवटची बाटली काढली. सील तसंच. माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ले जाओ. भाभीजी के लिए. मैं भी आज से छोड दूँगी."

तिथंच बोलायला हवं होतं. डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. मी बोललो नाही. बाटली खिशात घातली, आभार मानले, दार ओढून घेतलं. हिचं नाव कागदावर यावं म्हणून एका जित्याजागत्या बाईला मरायला सोडून आलो. यापुढं त्या दुकानदाराला शिव्या द्यायचा हक्क मला राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांचं दार वाजवलं. म्हटलं, "दीदी, एकदम नहीं छोडना. चलिए." ई-रिक्षात बसवून इस्पितळात नेलं. डॉक्टर दुसरा होता. मी बाटली टेबलावर ठेवली. त्यानं लेबल वाचलं, हसला, सील फोडलं आणि चार कॅप्सूल हातावर ओतून बघितल्या. हिच्या अर्जाला जोडायची बाटली तीच होती. बाईंच्या रक्ततपासणीची चिठ्ठी घेतली आणि खाली जाऊन रांगेत उभा राहिलो.