पाचची बस

गुरुवार, १२ मार्च. आभाळ स्वच्छ. पडदे धुतले, दुपारपर्यंत वाळले. डावा गुडघा कालपेक्षा बरा. टिपणबाई रात्री आठला यायची ती आज पावणेनऊला आली. चहा नको म्हणाली. तिच्या दादाला टेकडीवर हलवणार आहेत, सगळ्याच रुग्णांना हलवणार आहेत, एवढे सांगून वर गेली. वर बराच वेळ चालण्याचा आवाज येत होता.

रोजनिशीची सवय मला शाळेत नन्सनी लावली. तारीख, वार, हवा, आणि मग घडले तेवढेच. काय वाटले ते देवाला सांगायचे, वहीला नाही. त्यामुळे त्या वर्षातले दिवस मला वहीत सापडतात, पण टिपणबाई कोण होती हे तिथे कुठेच लिहिलेले नाही. ते इथे लिहिते.

ती बावीस वर्षे माझ्या डोक्यावर राहिली, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. आमच्या भागातून निवडून येणाऱ्या साहेबांच्या कार्यालयात ती एकतीस वर्षे नोकरीला होती. येणारे प्रत्येक पत्र, प्रत्येक अर्ज वाचायचा आणि त्याचे दोन ओळींचे टिपण कार्डावर उतरवायचे, हे तिचे काम. साहेब फक्त कार्डे वाचत. ही पद्धत थोरल्या साहेबांनी पाडली. नजर अधू व्हायला लागली तेव्हा ते तिला म्हणाले होते की लोकांची रामकहाणी तुम्ही ऐका, मला काय हवे आहे तेवढे सांगा. मग ती गाळायला शिकली. रडणे गाळायचे, शपथा गाळायच्या, किती खेटे घातले ते गाळायचे. आठ पानांतून कोण, कुठे आणि काय एवढेच उरायचे.

तळमजल्यावरचा शिंपी म्हणायचा, टिपणबाईने स्वतःच्या लग्नाची पत्रिका काढली असती तर तिच्यात 'लग्न आहे, जमल्यास यावे' एवढेच छापले असते. लग्न तिने केले नव्हते. तिला राग यायचा नाही. 'जमल्यास' जास्तीचे झाले, म्हणायची.

थोरले गेले आणि त्यांच्या जागी धाकटे साहेब आले. कारखाने, जमिनी, तीन शहरांत घरे. पाळण्यात खुळखुळ्याबरोबर मतदारसंघही टांगलेला होता, असे लोक म्हणत. पण माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणाचाही तसा समज होईल. टिपणबाई आत गेली की तो उठून उभा राहायचा. पहिल्याच महिन्यात त्याने तिला सांगितले, की मी आयुष्यात रांगेत उभा राहिलेलो नाही, मला जे माहीत नाही ते तुम्ही सांगत जा. मग खरोखरच एक दिवस डोक्यावर टोपी घालून सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तीन तास उभा राहून आला. लोक फार सोशिक असतात, म्हणाला. कार्यालयातला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, जिच्यातून हवे तेव्हा बाहेर पडता येते तिला रांग म्हणत नाहीत, फेरफटका म्हणतात. टिपणबाईने मला हे हसत हसत सांगितले, आणि मग म्हणाली, "पण उभा राहिला हो. थोरले कधी नाही राहिले."

आता दादाचे. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आईवडील एका वर्षात गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा आणि ही सात. छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करायचा आणि पुस्तक शिवावे तशी घट्ट वेणी हिला घालायचा. शाळेत डोळे ताणलेले असायचे, म्हणायची. त्यानेही लग्न केले नाही, आधी हिच्यासाठी आणि मग सवयीने. एकसष्टाव्या वर्षी त्याला झटका आला. आधी बोलणे गेले, मग ओळख गेली. बाजारामागच्या सरकारी शुश्रूषागृहात त्याला जागा मिळाली. जुनी इमारत, भिंतींना ओल, एका खोलीत आठ खाटा. पण हिच्या कार्यालयापासून चालत अकरा मिनिटे.

साडेसहाला कार्यालयातून सुटायची आणि थेट तिथे जायची. दादा परिचारिकांच्या हातून जेवायचा नाही, दात घट्ट मिटून घ्यायचा. ही त्याच्या डाव्या बाजूला बसायची, वाटीच्या कडेवर चमचा दोनदा वाजवायची आणि वाट बघायची. सगळे त्या वाट बघण्यात होते. कधी पहिल्या घासालाच दहा मिनिटे लागायची. एकेका परिचारिकेकडे तेरा रुग्ण. दहा मिनिटे ती कुठून आणणार? त्या मार्चच्या दोन वर्षे आधी टिपणबाईला ताप आला आणि पाच दिवस ती जाऊ शकली नाही. सहाव्या दिवशी गेली तेव्हा दादाच्या नाकात नळी होती, आणि नळी उपटू नये म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले होते. मनगटे सोलून निघाली होती. तेव्हा मला तिने एवढेच सांगितले, की नळी घातली होती, हात बांधले होते; मनगटांचे मला पुढे कळले. त्यानंतर ताप असला तरी ती जायची.

टेकडीची कल्पना धाकट्या साहेबांची. नवी इमारत, खिडकीबाहेर झाडे, खोलीत दोनच खाटा, मोकळी हवा. दोन वर्षे खपून त्याने ती उभी केली होती. त्याच्या आजीची शेवटची वर्षे अशाच एका टेकडीवरच्या खासगी जागेत गेली होती आणि लहानपणी त्याला मोटारीने तिथे नेत. हे त्यानेच टिपणबाईला सांगितले होते.

रुग्णांच्या नातेवाइकांची अडतीस पत्रे आली. एकोणचाळिसावे टिपणबाईचे. टेबलावरून हातोहात देणे बरोबर नाही म्हणून तिने तिकीट लावून पेटीत टाकले, आणि तिसऱ्या दिवशी ते टपालातून तिच्याच टेबलावर आले. तिने ते फोडले, वाचले आणि इतरांसारखे त्याचेही कार्ड केले. काय लिहिलेस, मी विचारले. 'भाऊ दाखल आहे. हलवल्यास रोज भेट शक्य नाही.'

"आणि बांधलेले हात?"

"रडणं गाळायचं असतं, काकू."

साहेबांनी एकोणचाळीस कार्डे वाचली. सगळ्यांवर थोड्याफार फरकाने तेच होते. त्याने वर शेरा मारला, दर रविवारी मोफत बस. मग तिला आत बोलावून अगदी मनापासून विचारले, "बाई, या लोकांना रोज का जायचं असतं? आमच्या घरी सगळे रविवारीच भेटायचे. आजीकडे मी रविवारीच जायचो. अख्खा आठवडा त्या एका रविवारवर काढायचो."

ही कार्डे उचलून बाहेर आली. संध्याकाळी मला सांगितले तेव्हा मी तिच्यावर चिडले. तोंड आहे ना तुला, म्हटले. ती म्हणाली, त्या टेबलाशी एकतीस वर्षे दुसऱ्यांचे सांगितले, स्वतःचे सांगायला जीभ वळेना. आणि मग म्हणाली, "बिचारा रविवारवर वाढलाय, काकू. त्याला रोज म्हणजे काय ते कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी मात्र तिने नोकरीत कधी केले नव्हते ते केले. अडतीस पत्रे जशीच्या तशी, रडण्यासकट, साहेबांच्या टेबलावर ठेवली. स्वतःच्या पत्राखाली पट्टीचे आणि मनगटांचे चार शब्द लिहून तेही ठेवले. तो गठ्ठा घेऊन घरी गेला. तिसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावले तेव्हा त्याचे डोळे लाल होते, असे ती म्हणाली आणि तसेच माझ्या वहीत आहे. तुमच्या भावाची सोय मी करतो, म्हणाला. दोन गल्ल्या सोडून एक खासगी रुग्णालय आहे, तिथे त्याला ठेवू. कोणाला कळायचे कारण नाही.

ती विचार करून सांगते म्हणून आली आणि माझ्या खुर्चीत बसून राहिली. मी तिला स्पष्ट सांगितले, घे. आजही मी तेच सांगेन.

"ती अडतीस पत्रं मी कापली, काकू. न कापता दिली असती तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं. आता माझ्या एकटीच्या भावाला मऊ गादी मिळाली, तर बाजारात त्या लोकांच्या शेजारी उभी राहून भाजी कशी घेऊ?"

नाही म्हणून आली. करायचे तर सगळ्यांसाठी काहीतरी करा, म्हणाली. साहेबाला याचे वाईट वाटले नाही, उलट हुरूपच आला. त्याने रविवारची बस रोजची केली. जुन्या शुश्रूषागृहाच्या फाटकापासून संध्याकाळी पाचला सुटणार, अर्ध्या तासात टेकडीवर, आठला परत. स्वतः येऊन त्याने तिला सांगितले, "आता तुम्ही रोज जाऊ शकाल, बाई." आणि त्या दिवसाचे टपाल तिच्यापुढे ठेवले, जायच्या आधी एवढे संपवा, म्हणाला.

ती त्याच्यामागे दारापर्यंत गेली आणि थांबली. त्याच्या लक्षात येईल असे तिला वाटले. अजून काही आहे का, त्याने विचारले. ती नाही म्हणाली.

३ जूनला रुग्ण हलवले. पहिल्या आठवड्यात बस आमच्या बाल्कनीखालून जायची तेव्हा मी बघत असे. पाच-सहा डोकी, सगळी निवृत्त माणसे. बाकीचे दुकानांत, कारखान्यांत, लोकांच्या स्वयंपाकघरांत. पाचला सुटतो कोण? टिपणबाई सुट्टीच्या दिवशी जायची. एरवी साडेसहाला सुटून सरळ घरी यायची, आणि माझ्याकडे नेहमीपेक्षा दीड तास आधी येऊन बसायची. दिवा लावायचेही आम्हाला सुचत नसे. मला तिची सोबत होती आणि त्या सोबतीचे मला बरे वाटत नव्हते.

पंधरा तारखेला टेकडीवरून फोन आला. नळी घातली होती.

तिने राजीनामा लिहिला. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. साहेब कागद हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, तुमच्यासाठीच तर बस सुरू केली, म्हणाला. त्याला खरेच लागले होते.

"बस पाचला सुटते, साहेब. तुम्ही मला साडेसहाला सोडता."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग तिच्याकडे. मग हे तेव्हाच का नाही सांगितले, त्याने विचारले. उद्यापासून साडेचारला निघत जा, तो म्हणाला. तिने बाकीच्यांचे काय, असे विचारले. तो खाली बसला, आणि तिने पहिल्यांदाच त्याला ती आत असताना खुर्चीत बसलेले पाहिले.

पुढे त्याने बस पावणेसातची केली आणि टेकडीवरचे जेवण साडेसातवर नेले. कर्मचाऱ्यांशी भांडून, पाळ्या बदलून, दहा-बारा दिवस लागले. पण तोवर दादा घास विसरला होता. त्याला पहिल्यापासून शिकवायचे तर तिन्ही वेळा कोणीतरी हवे होते. टिपणबाईने राजीनामा मागे घेतला नाही, आणि ३० जूनला टेकडीखालच्या गावात पिठाच्या गिरणीमागे खोली घेतली. सामान दोन ट्रंका, एक स्टोव्ह, एक घडीची खाट. शिंप्याने ते खाली उतरवले. साहेबाची चांगली फजिती केलीत, असे तो तिला म्हणाला. ती म्हणाली, "फजिती कसली. निम्मा दोष माझा आहे."

जन्मापासून सुखात वाढलेल्याला दुसऱ्याचे हाल कळतात का, यावर शिंपी आणि मी अजून वाद घालतो. तो म्हणतो, नाही, ज्याचे जळते त्यालाच कळते. माझे तसे मत नाही. कळते, पण उशिरा, आणि कोणीतरी समोर उभे राहून सांगितले तर. सांगणाऱ्याला तोवर काय द्यावे लागते, ते मात्र मी पाहिले आहे.

ऑगस्टच्या शेवटी मी त्या बसने गेले. सत्तावीस माणसे होती, बहुतेकांच्या मांडीवर डबे. पुढच्या बाकावरचा एक चांभार शेजारणीला सांगत होता, की साहेबाला शेवटी कळले. "कळलं कसलं," ती म्हणाली, "कोणीतरी कान धरून दाखवलं असेल." यात टिपणबाईचा हात आहे हे त्या बसमध्ये कोणालाही माहीत नव्हते.

ती खाटेच्या डाव्या बाजूला बसली होती. वाळली होती. मला बघून तिने मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवले. नळी काढलेली होती. तिने वाटीवर चमचा दोनदा वाजवला. मी माझ्या घड्याळात पाहिले. चौदा मिनिटांनी दादाने तोंड उघडले. त्या दिवशी त्याने दुधात भिजवलेल्या पावाचे अकरा चमचे खाल्ले. खिडकीबाहेर झाडे होती, साहेबाने सांगितली होती तशीच.

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. इथे बोलायला कोण आहे, मी विचारले. गिरणीवाली आहे, पण गिरणी चालू असली की काही ऐकू येत नाही, म्हणाली. आम्ही दोघी थोडे हसलो. वरच्या खोलीत कोणी आले का, तिने विचारले. मी म्हटले, अजून नाही. बस लागली तेव्हा तिने मला हात देऊन वर चढवले आणि बस वळायच्या आधीच ती आत गेली होती.

घरी पोचायला नऊ वाजले. त्या दिवशीच्या पानावर बसची वेळ आहे, चौदा मिनिटे आहेत, अकरा चमचे आहेत. शेवटी लिहिले आहे: आल्यावर गॅस संपला. दुसरा सिलिंडर लावला. आधीचा ३० जूनला लावला होता, एकोणसाठ दिवस पुरला.