लेकीने मला रिंगणात ओढलं

पुण्याहून आलेल्या नृत्यसंस्थेने महिनाभर आमच्या युसूफ वडगावातल्या मुलींना नाच शिकवला. पोरीनं बाजारात नाचायचं नाही, म्हणून मी लेकीला अडवत होतो; तिची आई तिला गुपचूप धाडत होती. प्रयोग बाजाराच्या मैदानात झाला. शेवटी प्रत्येक मुलीने घरच्या एकाला रिंगणात आणायचं होतं. माझी लेक आईलाच नेणार, आणि ते योग्यच होतं. पण ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"पप्पा, चपला काढा."

"मला कुठं येतंय गं?"

"ऊस तोडताना वाकता ना, तसं वाका."

मी वाकलो. मागून कोणीतरी म्हणालं, "मोळी कुठाय बे?" सगळे हसले. हलगी कडाडत होती. लाज वाटत होती, तरी थांबावंसं वाटेना.