कमरेचा अंदाज

माणसाच्या मनात स्वतःच्या शरीराचे एक माप असते. ते कुठून येते, आणि शरीर बदलले तरी ते का बदलत नाही, हा प्रश्न मी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी सोडवायला घेतला. बेंगळुरूमधल्या एका शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे एका उदाहरणावरून नियम सांगू नये, हे मला कळते. पण माझ्याजवळ पूर्ण माहिती असलेले उदाहरण एकच आहे, आणि ते मी स्वतः. पुढचे सारे त्या मर्यादेत वाचावे.

प्रश्न उभा राहिला तो गुडघ्यांमुळे. जिना उतरताना कठडा सोडवत नसे. डॉक्टरांनी सांगितले की पाण्यातला व्यायाम सुरू करा, नाहीतर वर्षभरात शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. यशवंतपूरला आमच्या घरापासून चालत जाण्याजोगा एक पोहण्याचा तलाव आहे. तिथे सकाळी दहा ते अकरा फक्त स्त्रियांचा वर्ग असतो. पाण्याची मला भीती नव्हती. उलट, मिरजेजवळच्या आमच्या गावी भाऊ नदीत पोहायचे आणि आम्ही मुली काठावर धुणे धुवायचो, तेव्हापासून पाण्यात शिरायची इच्छा होती. भीती होती ती पोशाखाची.

दुकानातल्या मुलीने माप विचारले. "सगळ्यांत मोठं," मी म्हणाले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "स्वल्प दोड्डदागुत्ते, मॅडम." थोडे मोठे होईल, असे तिचे म्हणणे. मी वर्गात लावायचे तो आवाज लावून तिला सांगितले की माझे माप मला ठाऊक आहे. "सरी," म्हणत तिने पोशाख पिशवीत घातला.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरले आणि त्या पोशाखात हवा भरली. पाठीवर मोठा फुगा आला. तो दाबला की पोटावर यायचा, पोटावर दाबला की पुन्हा पाठीवर. शिकवणारी मुलगी तिशीची, अर्धे कन्नड आणि अर्धे हिंदी बोलणारी. ती काठावरून ओरडली, "अम्मा, एवढ्या जागेत एकट्याच राहता? की भाडेकरू ठेवलाय?" बाकीच्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना मी निष्कर्ष काढला तो असा, की एवढे मोठे शरीर घेऊन या वयात असल्या ठिकाणी जाऊ नये. ती पोशाखाबद्दल बोलत होती आणि पोशाख मला फार ढगळ होता, हा साधा अर्थ मला सुचलाच नाही.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, उद्या मी मीटिंग पुढे ढकलते. तुमचा व्हिडिओ काढायचाय."

"उद्या मी जाणार नाही. सोडलं ते."

"एका दिवसात?"

"माझ्या मापाचा पोशाख मिळत नाही कुठे."

"तुमची साइज काय आहे पण?"

"मोठी."

"मोठी हा काय नंबर झाला, आई? तुम्हीच नातवाला सांगता ना, आकडा आणि एकक लिहिल्याशिवाय मार्क नाहीत?"

सून पुण्याची, संगणकाच्या नोकरीतली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते. मला माझ्या शरीराचा एकही आकडा माहीत नव्हता. तो का माहीत नसावा, याचा मी क्रमाने विचार करू लागले.

लहानपणी आमचे कपडे वाढत्या अंगाचे शिवत. फ्रॉकचा घेर दुप्पट, खालची पट्टी तीनदा दुमडलेली. तो अंगाला नीट बसू लागेपर्यंत रंग उडालेला असे आणि तो धाकटीकडे जाई. म्हणजे माझे सगळे बालपण माझ्याहून मोठ्या अशा एका मुलीसाठी बेतलेल्या कपड्यांत गेले. सातवीत असताना एका पंगतीत मावशी म्हणाली, "ही बसली की पाट दिसेनासा होतो." सगळे हसले. आई म्हणाली, "आहे अंगानं जरा." मी ती नोंद करून ठेवली. त्या वर्षीचा वर्गाचा फोटो माझ्याकडे आहे. परवा तो भिंगाखाली धरून पाहिला. दुसऱ्या रांगेतली मी इतर मुलींसारखीच आहे, फ्रॉक तेवढा मोठा आहे.

नोकरीला लागल्यावर मी फळ्यावर एका बाजूने, तिरके उभे राहून लिहीत असे. आमच्या मुख्याध्यापिका नव्या शिक्षकांना माझ्या वर्गात आणून दाखवत. "पाहा, या बाई वर्गाकडे पाठ करत नाहीत. मुलांवर नजर राहते." ती पद्धत चांगलीच आहे, मी आजही तिची शिफारस करीन. पण खरे कारण इतकेच होते, की चाळीस मुलांनी मला मागून पाहिलेले मला नको होते. या कारणासाठी मी तीस वर्षे मान वाकडी करून लिहिले, आणि त्याबद्दल कौतुकही करून घेतले.

राहिले ते ब्लाउज. चामराजपेटमध्ये शिवणकाम करणारी एक अक्का आहे. तिचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी तिला कधी अंगावर माप घेऊ दिले नाही; मापाचा म्हणून जुना ब्लाउज द्यायचा आणि त्यावरून ती नवा बेतायची. पुढच्या वेळी तो नवा ब्लाउज मापाचा म्हणून जायचा. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी बजावत असे, की रेषेवर खुणा करताना प्रत्येक खूण शून्यापासून मोजा. आधीच्या खुणेपासून मोजत गेलात तर चुकीत चूक मिळत जाते. हे शिकवून मी घरी यायचे आणि कालचा ब्लाउज पिशवीत घालून चामराजपेटची बस पकडायचे.

मधल्या वर्षांत माझे शरीर खरोखर रुंदावले होते, हेही लिहिले पाहिजे. दोन बाळंतपणे झाली होती. निवृत्तीनंतर मात्र रक्तात साखर निघाली, भात कमी झाला, रोजचे चालणे वाढले आणि शरीर उतरले. मापाचा ब्लाउज उतरला नाही.

इथवर विचार झाल्यावर मी प्रयोग करायचे ठरवले. वर्गातला माझा नियम असा होता, की आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचे. स्वयंपाकघरातून सुतळी आणली. माझी कंबर केवढी असेल, तेवढे वर्तुळ फरशीवर मांडले आणि टोके जुळली तिथे गाठ मारली. मग ती सुतळी कमरेभोवती धरली. वीतभराहून अधिक उरली.

"आई!" सून म्हणाली. "हे माप सोफ्याचं आहे!"

"हसू नकोस. तू करून बघ."

"माझं मला पाठ आहे. रोज जिमच्या आरशात बघते." तिने झटकन वर्तुळ मांडले, गाठ मारली, सुतळी कमरेला लावली. चार बोटे उरली. तिने ती पुन्हा लावून पाहिली, पुन्हा तेवढीच. मग तिने गाठ सोडली. "कॉलेजात मला डबलडेकर म्हणायचे," ती म्हणाली. लग्नाला नऊ वर्षे झाली, पण हे तिने मला कधी सांगितले नव्हते.

प्रयोगात एक दोष राहिला होता. कदाचित फरशीवरचे वर्तुळ कुणालाही फसवत असेल. त्यात शरीराचा काही संबंध नसेल. म्हणून मी तांदळाच्या डब्याचाही अंदाज त्याच रीतीने घेतला. तोही चुकला, पण दोनच बोटांनी. ती दोन बोटे वजा केली तरी आम्हा दोघींच्या सुतळीत जे उरत होते, ते डोळ्यांच्या चुकीने आलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चामराजपेटला गेले. "अक्का, आज टेप लाव."

"टेप? बाई, एवढ्या वर्सात आज पयल्यांदा! देवाला नारळ फोडू काय?" तिने माप घेतले आणि माझा ब्लाउज टेबलावर पसरून ताडून पाहिला. "आठ बोटं जास्त हाय की हो."

"मग तू दर वेळी सैल का शिवत गेलीस?"

"मी कुटं? तुमीच म्हनता न्हवं, 'अक्का, स्वल्प सैल ठेव'? दर खेपेला म्हनता. म्हनून मी ठिवते."

मावशी ते पाटाचे एकदाच म्हणाली होती. नंतर ते म्हणत राहिले होते ती मी, दिवाळीला आणि पाडव्याला, न चुकता.

परतीच्या बसमध्ये मला एक शंका आली, आणि ती मी टाळली नाही. सुतळी उरण्याऐवजी अपुरी पडली असती तर? आकडा माझ्या भीतीहून मोठा निघाला असता तर माझे गुडघे कमी दुखले असते काय? त्यांना पाण्याची गरज तेवढीच राहिली असती. म्हणजे पोहायला जावे की न जावे, या प्रश्नात कमरेचा आकडा येतच नव्हता. तो मी घातला होता. गणितात अनावश्यक राशी घेऊन सोडवायला बसणाऱ्या मुलाला मी किती वेळा हटकले असेल!

सुनेने दोन मापे लहान पोशाख आणला आणि मी तलावावर पुन्हा गेले. पोट दिसत होते, दंडांचे सैल मांसही दिसत होते. मी बारीक दिसत होते असा माझा दावा नाही. शिकवणाऱ्या मुलीने पाठीखाली हात धरून मला पाण्यावर आडवे केले.

"अम्मा, मान सोडा. टीचर होता ना? मान अजून परीक्षेच्या ड्यूटीवर आहे."

मी मान सोडली. तिने हात कधी काढून घेतला ते मला समजले नाही. कानांत पाणी होते आणि वर छताचे पत्रे दिसत होते, आणि मी बुडत नव्हते. एवढे साधे सुख मला त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले, तरी मला तो उशीर वाटत नाही.

आता तीन महिने झाले. तलावाची रुंदी मी न थांबता पार करते, जिना कठडा न धरता उतरते, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे.

माझे उत्तर असे आहे, की मनातले माप दुसऱ्याच्या एका वाक्याने सुरू होत असेल, पण ते टिकवतो आपणच, आणि त्यासाठी आपल्याला टेपपासून दूर राहावे लागते. हे उत्तर एका घरातल्या दोन बायकांवरून काढले आहे आणि ते चुकीचे असू शकते. म्हणून विनंती आहे. हातभर जास्तीची सुतळी घ्या. कुणी जवळ नसताना आपल्या कमरेचे वर्तुळ जमिनीवर मांडा, गाठ मारा, मग मोजा. घरातल्या एखाद्या डब्याचेही तसेच करा आणि दोन्ही फरक कागदावर लिहा. माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः तपासून पाहा.