दोरावरची रिकामी जागा

मी गाव सोडले त्या सकाळी बाबा मला निरोप द्यायला मालवणच्या एसटी स्टँडवर आले नाहीत. किनाऱ्यावर रापण लागली होती, आणि रापण टाकून बाबा कधी कुठे गेले नव्हते. मी घरातून निघताना ते एवढेच म्हणाले, "जा बरो. खंयचोय दोर ओढ, पण समोरच्याक बघान ओढ."

तुमच्यापैकी जे गावात राहिले, त्यांना हे समजावण्याची गरज नाही. पण माझ्यासारखे जे घाट चढून गेले, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. रापणीचे जाळे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात. त्याचे दोन दोर किनाऱ्यावर दोन टोकांना येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढतात. एका रांगेने घाई केली की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. म्हणून हात आपल्या दोरावर असतात आणि डोळे पलीकडच्या रांगेवर. बाबांच्या दोरावर माझी जागा चौथी होती.

पुण्यात महिनाभराने धाकट्या बहिणीचे, शैलाचे, पाकीट आले. ती तेव्हा बारा वर्षांची होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिने रापण काढली होती. पुढे बाबा होते, मागे ओळीने माणसे, आणि तिसऱ्या माणसानंतर थोडा दोर नुसताच. मी उत्तर पाठवले, "चित्र छान आहे, पण मध्ये एक माणूस काढायचा राहिला." त्या वयात मला चुका दाखवण्याचा फार उत्साह होता. पुढे तीच माझी नोकरी झाली. मुलांच्या पुस्तकांचा संपादक म्हणून तीस वर्षे मी इतरांची वाक्ये दुरुस्त करीत आलो.

गेल्या वर्षी बाबांच्या रापणीवर मुलांसाठी ग्राफिक नॉव्हेल करायचे ठरवले, तेव्हा चित्रे शैलाच काढणार हे उघड होते. बाबा गेले तेव्हाही मी उशिरा पोहोचलो होतो. हे पुस्तक तरी वेळेवर व्हावे, अशी माझी मनोमन इच्छा होती. शैला आमच्याच वाडीत सून म्हणून गेली आहे आणि किनाऱ्यावरच्या होड्यांवर नावे व नक्षी रंगवते. तिने चाळीस पाने पाठवली. मी मजकूर लिहिला, लेआउट करून घेतला आणि प्रूफ तिला धाडले.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"दादा, बाबान हात वर केलेलो माका दिसता. मगे खाली 'बाबांनी हात वर केला' असा कित्याक लिवलंस? आंधळ्यांका पुस्तक काढतंस?"

मी म्हणालो, "मुलांना कळायला हवे ना गो."

"पोरांका कळता. तुकाच कळना नाय." मग तिचा आवाज खाली आला. "बारावा पान बघ. आणि माझी चित्रा माका परत धाड."

बाराव्या पानावर तीच कॅलेंडरवरची रापण होती, आता मोठी आणि रंगीत. तिसऱ्या माणसानंतरचा दोर तसाच मोकळा. तिथे जागा रिकामी दिसली म्हणून मी नेमकी तिथेच चौकट टाकली होती आणि तीत गाव सोडण्याच्या दुःखावर आठ ओळी लिहिल्या होत्या. तेहेतीस वर्षांपूर्वी जे मला दिसले नव्हते, ते या वेळी मी माझ्याच अक्षरांनी झाकले होते. मी निघून गेल्यावर मागची माणसे पुढे सरकली नव्हती. त्यांनी माझी जागा राखली होती.

मी चित्रे परत धाडली नाहीत. स्वतः घेऊन गेलो. शैलाने पुढ्यात चहा ठेवला. मी प्रूफ उघडून बाराव्या पानावरच्या आठही ओळी लाल पेनाने खोडल्या. तिने त्या रेघा पाहिल्या. मग पाट ओढून समोर बसली.

तीन दिवस आम्ही पान पान पाहिले. जे चित्रात दिसत होते, ते मी काढून टाकले. एकदा तीच म्हणाली, "सगळाच खोडू नको रे. पाणी थंड आसा, ता माका काढूक येणा नाय. ता तू सांग." म्हणून तिथे मी थंडी लिहिली, ओल्या दोराने सोललेल्या तळव्यांची आग लिहिली. जाळे वर येते त्याच्या आधीच्या पानावर मात्र ना चित्र ठेवले, ना शब्द. पान उलटेपर्यंत मुलांनी वाट पाहावी, एवढेच ठरवले.

निघायच्या दिवशी शैलाच्या मुलीने मूळ चित्रांचा गठ्ठा मांडीवर घेतला. बाराव्या पानावर तिचे बोट थांबले.

"आये, हंय कोण?"

रापणीत पलीकडच्या रांगेकडे बघतात तसे शैलाने माझ्याकडे पाहिले.

"मी," मी म्हणालो.

"मगे तू दिसना कित्याक नाय?"

"पुण्याक गेलंय."

तिने मान डोलावली आणि पान उलटले. तिच्यापुरती गोष्ट पुढे गेली होती.

घर म्हणजे काय, असे आज कोणी विचारले तर मला वाडीतले आमचे कौलारू छप्पर आठवत नाही. दोन माणसांमधला तो हातभर दोर आठवतो. तिथे कोणी उभे राहिले नाही, आणि मीही आता तिथे काही लिहिणार नाही.