तटावरची माणसं

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. दौंडहून सुटलेल्या एसटीत शेजारच्या बाई मांडीवरचं बायबल एकाच पानावर उघडून बसल्या होत्या.

"रोज वाचता?" मी उगाच विचारलं.

"एवढंच पान."

शत्रूची फौज शहराला वेढा घालते, सरदार खालून वाट्टेल ते बोलतो, आणि राजाचा हुकूम म्हणून तटावरची माणसं एक शब्द उलटून बोलत नाहीत, असं त्या पानावर होतं. नवरा गेल्यापासून बाईंचा दीर रोज दारात येऊन "घर खाली कर" म्हणून ओरडे. त्याही गप्प राहत.

"जमतं?"

"जमतंय की. पर दादा, तटावरच्यांना आपसात बोलाया मानसं तरी व्हती. काल दीर आलाच न्हाई, तर दिसभर घरात मानसाचा आवाज न्हाई."

मग सासऱ्यांसमोर ऐट मारत मी पंखा दुरुस्त केला आणि शिरूरच्या आमच्या अख्ख्या आळीची वीज घालवली, ती फजिती रंगवून सांगत बसलो.

"मावशी, यवत आलं, उतरा!" कंडक्टर ओरडला.

"थांब की रं बाबा," बाई जागच्या न हलता म्हणाल्या, "यांचं संपू दे."